गरोदरपणातली धडधड आणि औषधाची भीती

नाशिकच्या द्वारका सर्कलवर सायंकाळी सापडलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे भेटतात, तिथे बाहेर पडायची वाट चुकली की पुन्हा फेरा! हृदयातही कधी कधी असेच होते. ठोक्याचा विद्युत संदेश वरून खाली जाऊन संपायचा, तो एका जादा वाटेने परत वर येतो आणि गोल गोल फिरत राहतो. नाडी एकदम दीडशेच्या वर जाते. याला 'एसव्हीटी' म्हणतात. तरुण गर्भवतींमध्ये हा त्रास अधूनमधून दिसतो.

गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, नाडीही मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. त्यामुळे जिना चढताना थोडी धडधड होणारच. ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. रक्त कमी असले तरीही छाती धडधडते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी. पण बसल्या जागी अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड वेगळी. तिच्यासोबत चक्कर, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, तर घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घरोघरी खरी अडचण पुढेच येते. "बाळाला औषध लागेल" म्हणून सासू-आई गोळी बंद करायला सांगतात, कधी ती स्वतःच बंद करते. हेतू चांगला, पण हिशेब उलटा. ठोके फार जलद पडले की हृदयाला भरायला वेळच मिळत नाही, आईचा रक्तदाब उतरतो आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते.

डॉक्टर आधी नाक-तोंड बंद करून कुंथायला सांगतात. त्याने भागले नाही तर शिरेतून ॲडेनोसिन देतात. क्षणभर छातीवर दडपण येते, घाबरायला होते. पण ते रक्तात काही सेकंदच टिकते, बाळापर्यंत पोचेल इतकेही नाही. रक्तदाब ढासळला तर विजेचा शॉक द्यावा लागतो. ऐकूनच धस्स होते, तरी तो कोणत्याही महिन्यात देता येतो. गर्भाशयापर्यंत पोचणारी वीज अत्यल्प असते. त्या वेळी बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात.

सगळीच औषधे मात्र चालत नाहीत. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर मेटोप्रोलॉल सहसा देता येते. त्याच कुळातले ॲटेनोलॉल टाळतात, कारण बाळाची वाढ खुंटू शकते. ॲमिओडॅरोनमध्ये भरपूर आयोडीन असते, त्याचा बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होतो. ते अगदी नाइलाज असेल तरच. लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप अरुंद झालेल्या स्त्रीने तर दिवस जाण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे.

आणखी एक. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबते आणि ईसीजी 'नॉर्मल' येतो. म्हणून त्रास सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा आणि तो कागद तपासणीच्या फाइलमध्ये जपून ठेवावा. बाळंतपणाच्या रात्री ड्युटीवर असलेल्या अनोळखी डॉक्टरला तो आधी दाखवावा.