मेंदूची मोजणी (भाग ६) : कच्च्या नोंदीपासून आकृतीपर्यंत

मालवणजवळच्या देवबागला रापणीचं जाळं ओढलं की बांगडा-तारल्यांसोबत कधीमधी म्हाकूल (स्क्विड) येतं. ते साफ करताना पिशवीसारखं अंग उभं चिरून उघडलं, तर आतल्या बाजूला चांदणीच्या आकाराच्या दोन गाठी आणि त्यांतून पसरलेले पांढुरके धागे दिसतात. धोका दिसताच अंग आवळून, पाण्याची पिचकारी मारून मागच्या मागे पळण्याचा हुकूम याच धाग्यांतून जातो. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या, याच कुळातल्या मोठ्या म्हाकुलात यांतला एकेक अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश वाहणारा धागा, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये तो शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. १९३९ मध्ये प्लिमथला ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी त्याच्या आतच इलेक्ट्रोड सरकवून चेतापेशीचा विद्युत्संदेश मोजला.

पुढे १९५२ मध्ये दोघांनी सोडियम आणि पोटॅशियमच्या ये-जा करण्यातून हा संदेश कसा उठतो याची समीकरणं एका लेखात छापली. त्यासाठीची आकडेमोड करायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक फेरबदलांसाठी बंद होता. हक्स्लींनी हाताने फिरवायच्या ब्रन्स्विगा यंत्रावर कित्येक दिवस आकडेमोड करून संदेशाचा आलेख काढला. आज मालवणच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तोच आलेख साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत काढू शकतो, कारण त्या लेखात काहीही हातचं राखलेलं नाही. पेशीच्या पडद्याची धारकता, वाहकतेचे आकडे १२०, ३६ आणि ०.३, तापमान ६.३ अंश सेल्सिअस, सगळं तिथे छापलेलं आहे.

तरीही एक खाच आहेच. मूळ लेखात विश्रांतीचा व्होल्टेज शून्य धरला आहे आणि पेशी उत्तेजित झाली की आकडा ऋण होतो. आजची पुस्तकं नेमकी उलटी चिन्हं वापरतात. अर्धी समीकरणं तिथून आणि अर्धी इथून उचलली, तर संगणकात संदेश उठतच नाही. चिन्हाची ही रीत लेखात सांगितलेली आहे, म्हणून चूक सापडते. ती सांगितली नसती, तर शोधणारा महिनोन् महिने चाचपडत राहिला असता.

आता आजच्या प्रयोगशाळेत येऊ. २०१७ मध्ये जाहीर झालेली न्यूरोपिक्सेल्स ही सुई केसासारखी बारीक असते आणि एका वेळी ३८४ ठिकाणांहून, सेकंदाला ३०,००० वेळा व्होल्टेज टिपते. तासाभरात ८० जीबीच्या वर नोंद जमते. ही नोंद म्हणजे नुसती थरथर. त्यातून कोणती टोकं, म्हणजे स्पाइक, कोणत्या पेशीची हे संगणकाने ठरवायचं असतं, आणि खरी गोम इथेच आहे. मुळात टोकं शोधण्याचीच नेहमीची एक रीत बघा. आधी गाळणी लावून संथ लहरी काढून टाकायच्या. मग उरलेल्या आकड्यांच्या निरपेक्ष किमतींचा मध्यक घेऊन त्याला ०.६७४५ ने भागायचं, म्हणजे गोंगाटाचा अंदाज मिळतो. त्याच्या चौपट-पाचपट खोल गेलेलं टोक म्हणजे स्पाइक. एकाने चौपट धरलं, दुसऱ्याने पाचपट, की दुबळा आवाज असलेल्या पेशी दुसऱ्याच्या हिशेबातून गळतात. आणि लेखात बहुतेक वेळा एवढंच छापलेलं असतं : ‘प्रचलित पद्धतीने स्पाइक वेगळे केले.’

हे वाक्य मला मान्य नाही. २०२० मध्ये स्पाइकइंटरफेस या मुक्त साधनाच्या कर्त्यांनी एकच नोंद सहा वेगवेगळ्या प्रोग्रॅमना दिली, तर सगळ्यांना एकमताने सापडलेल्या पेशी थोड्याच निघाल्या. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात मेंदूच्या एमआरआय नोंदींचा एकच संच ७० गटांना दिला होता. कोणत्याही दोन गटांच्या पायऱ्या तंतोतंत जुळल्या नाहीत आणि काही प्रश्नांची उत्तरंही वेगळी आली. यांतल्या कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्येक गटाने वाटेत डझनभर छोटे निर्णय घेतले होते.

म्हणून ते निर्णय लिहून ठेवायचे, आणि तेही माणसाच्या आठवणीवर न सोडता. कच्ची फाइल कधीही बदलायची नाही. प्रत्येक पायरी प्रोग्रॅममध्ये लिहायची. माउसने केलेली दुरुस्ती उद्या कोणालाच सांगता येत नाही. प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती ‘गिट’ या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात साठवायची. वापरलेल्या साधनांच्या आवृत्त्या आणि यादृच्छिक आकड्यांचं बीजसुद्धा टिपायचं, कारण स्पाइकांची पेशीनुसार गटवारी करणारे काही प्रोग्रॅम दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतात. नोंद ‘न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स’ या सामाईक साच्यात ठेवली, तर एकक, वेळ, इलेक्ट्रोडची जागा हे सगळं तिच्यासोबतच राहतं. शेवटी एकच आज्ञा दिल्यावर कच्च्या फाइलपासून लेखातली आकृती तयार झाली पाहिजे, तीही दुसऱ्याच्या संगणकावर.

यासाठी महागडी सुई लागत नाही. ‘डॅन्डी’ या संग्रहात अशा नोंदी कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. त्या हाताळण्यासाठी पायथन ही संगणकभाषा शिकायला मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत. आपल्या भागातल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे : प्रकल्पासाठी एक छापील लेख आणि त्याची खुली नोंद घ्या, आणि विद्यार्थ्यांकडून त्यातली एकच आकृती पुन्हा काढून घ्या. ती जुळली नाही, तर कोणत्या पायरीवर वाट फुटली ते मूळ लेखकांना नम्रपणे पत्र लिहून विचारा.