पाचटाचा कोळसा



तोड संपली की रात्री फडाफडांतून जाळ दिसतात. एकरी तीन-चार टन पाचट धुरात जाते. खोडवा राखायचा असेल तर ते जाळू नकाच. सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. हे आम्ही दरसाल सांगतो, पुढेही सांगू.

पण खोडवा मोडून रान रिकामे करायचे असले तर? त्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने कोळशाची भट्टी काढली. २००२ साली तिला इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. पाचट झाकणाच्या डब्यांत ठासायचे, डबे भट्टीत ठेवायचे आणि बाहेरून पाचटाचाच जाळ लावायचा. डब्यात हवा पुरत नाही, म्हणून राख न होता कोळसा उरतो. त्याची भुकटी खळीत मळून कांड्या पाडायच्या, उन्हात वाळवायच्या. वीज लागत नाही. शेगडीत धूर फार कमी होतो. तरी दार-खिडकी उघडी ठेवावी, कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

बिनजमिनीच्या घरांना हा धंदा जमण्यासारखा आहे. तेव्हा रान मोडणाऱ्यांनी काडी लावण्याआधी गट ऑफिसात कळवावे. कोणी पाचट न्यायला आलेच, तर नेऊ द्यावे. काल जाळत होतो त्याचे आज पैसे मागू नयेत.