रोहित पक्ष्यांचं गणित

पूर्व द्रुतगती मार्गावरून भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला वळलं की आधी मिठागरं लागतात, मग खारफुटी आणि तिच्या पलीकडे ठाणे खाडीचा चिखल. ओहोटीला तिथे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चरायला उतरतात. पक्ष्यांवर पीएचडी करणाऱ्याचं शिक्षण अशा जागी दुर्बीण, वही आणि थव्यांच्या मोजणीने सुरू होतं. पण रोहित लांबचा प्रवास बहुधा रात्री करतात, आणि ओहोटी रात्रीही येते. तिथे दुर्बिणीचं काही चालत नाही.

२०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) सहा रोहितांना सौरऊर्जेवर चालणारे जीपीएस टॅग लावले. त्यांतल्या एकाला पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचं नाव दिलं. तो गुजरातेत भावनगरकडे गेल्याचं टॅगमुळेच कळलं. अशा टॅगकडून मिळतात अक्षांश, रेखांश आणि वेळ, ओळींमागून हजारो ओळी. मग प्राणिशास्त्राचा विद्यार्थी ‘आर’ किंवा ‘पायथन’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसतो.

कोड लिहिणं सवयीने जमतं. संख्याशास्त्र जास्त घाम काढतं. दहा मिनिटांपूर्वी भांडुपला असलेला पक्षी आताही तिथेच असण्याची शक्यता मोठी. पदवीला शिकलेल्या बहुतेक चाचण्या मात्र प्रत्येक नोंद स्वतंत्र धरतात. हे विसरलं तर सहा पक्ष्यांच्या सवयी हजारो पुराव्यांच्या थाटात मिरवू लागतात.

अशा एकमेकींत गुंतलेल्या नोंदींसाठी ‘हिडन मार्कोव्ह मॉडेल’ वापरतात. हे संख्याशास्त्रीय मॉडेल दोन नोंदींमधलं अंतर आणि वळण पाहून पक्षी काय करत असावा याचा अंदाज बांधतं. लांब, सरळ अंतर म्हणजे उड्डाण. पण चोच उलटी धरून चिखलातलं सूक्ष्म शैवाल गाळणारा रोहित आणि एका पायावर विसावलेला रोहित, दोघेही नकाशावर जवळपास एकाच ठिपक्यात मावतात. त्यात ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे घड्याळाच्या तासांवर सरासरी काढली तर चरण्याची वेळच पुसली जाते. नोंदींना भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडलं की ती पुन्हा उमटते. आणि ते जोडायचं सुचतं कुणाला? पाणी चढताच थवा उठताना ज्याने पाहिलाय त्याला. म्हणून चिखलात घालवलेले तास मला प्रोग्रामिंगच्या कोणत्याही अभ्यासक्रमाइतकेच मोलाचे वाटतात.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. भरतीत पक्षी मात्र त्या हद्दीबाहेर, नवी मुंबईतल्या तळ्यांवरही विसावतात. कोणत्या तळ्यावर, कोणत्या भरतीला, किती वेळ, हे आकड्यांत मांडता आलं तर ती तळी वाचवण्याची मागणी पुराव्यासह करता येईल.