थकलेल्या बॅटरीवर जादा चार्जचा उतारा

बोटीवरची लेड-ॲसिड बॅटरी वय होण्याआधीच बसते आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: ती कधी पूर्ण चार्ज होतच नाही. इंजिन तासभर चालले की अल्टरनेटर सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरतो. उरलेल्या वीस-तीस टक्क्यांना कित्येक तास लागतात आणि तेवढ्यासाठी शिडाच्या नौकेवर कुणी डिझेल जाळत नाही. कोकणातल्या ट्रॉलरचे इंजिन समुद्रात तासन् तास चालू असते, त्यामुळे तिथे हंगामात हा प्रश्न फारसा येत नाही. तो येतो पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या आणि बॅटरी जागच्या जागी उतरत राहिलेली.

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली; तिचे तत्त्व आजही तेच आहे. चार्ज असताना धन प्लेटीवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटीवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड असते. वीज वापरली जाते तसे दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट जमते आणि ॲसिड पातळ होते. लगेच चार्ज केले तर सल्फेटचे हे बारीक स्फटिक मोडतात. बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर मात्र ते मोठे आणि टणक होतात, प्लेटीची छिद्रे बुजतात आणि बॅटरी चार्ज धरेनाशी होते. त्यातच जड ॲसिड तळाशी बसते आणि वरचे पाणचट राहते. १२ व्होल्टच्या बॅटरीतले सहा सेलही सारखे राहत नाहीत. एखादा मागे पडतो आणि बाकीच्या पाचांनाही ओढतो.

यावरचा उपाय म्हणजे इक्वलायझेशन, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही मुद्दाम, मोजून दिलेला जादा चार्ज. नेहमीचे चार्जिंग १४.४ ते १४.८ व्होल्टपर्यंत जाते. इथे साधारण १५.५ ते १६ व्होल्टपर्यंत जावे लागते. करंट मात्र कमी ठेवायचा, क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या आत. १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला सात-साडेसात अँपिअर पुष्कळ झाले. चांगल्या सेलमध्ये या जादा विजेने फक्त पाण्याचे विघटन होते. मागे पडलेल्या सेलमध्ये तीच वीज उरलेले सल्फेट मोडते. वर येणारे बुडबुडे ॲसिड ढवळतात, हा आणखी एक फायदा.

काम खरे कळते ते ॲसिडची विशिष्ट घनता (ग्रॅव्हिटी) मोजणाऱ्या हायड्रोमीटरने. व्होल्टमीटर इथे फसवतो. समजा, पूर्ण चार्जनंतर पाच सेलची ग्रॅव्हिटी १.२५० च्या आसपास आहे आणि सहाव्याची १.२२०. इक्वलायझेशन सुरू केल्यावर दर अर्ध्या-एक तासाने बुचे उघडून प्रत्येक सेलचे रीडिंग लिहून ठेवायचे. सहावा सेल १.२३०, १.२४० असा चढत गेला तर औषध लागू पडते आहे. लागोपाठ तीन रीडिंग जागची हलली नाहीत की चार्जर बंद करायचा. बॅटरी हाताला फार गरम लागू लागली किंवा ॲसिडचे तापमान ५० अंश सेल्सिअसला पोचले, तर त्याआधीच थांबायचे. सुरू करताना प्लेटी बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर असावे. खुणेपर्यंत पाणी नंतर भरायचे, नाहीतर ॲसिड उतू जाते. वरून ॲसिड घालण्याचा मोह टाळलेलाच बरा: ग्रॅव्हिटी वाढलेली दिसते, सल्फेट तिथेच राहते.

बोटीवर हे काम जमिनीपेक्षा जोखमीचे आहे. बुडबुड्यांमधून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तो हलका असल्याने डेकखाली साचतो. म्हणून झाकणे उघडी, पंखा चालू, विडी-सिगारेट आणि स्टोव्ह बंद. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच. १६ व्होल्टला वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर आणि दिवे खराब होऊ शकतात, तेव्हा बॅटरी बोटीच्या वायरिंगपासून आधी सोडवायची. बोटीच्या तळाचे खारे पाणी ॲसिडमध्ये गेले तर चार्जिंगमध्ये विषारी क्लोरीन तयार होतो, हेही लक्षात असावे.

हा उपाय फक्त बुचे उघडून पाणी घालता येते अशा बॅटरीसाठी आहे. जेल बॅटरीवर तो कधीच करू नये. गेलेले पाणी तिच्यात परत घालता येत नाही. एजीएम या दुसऱ्या सीलबंद प्रकाराच्या बाबतीत एखाद-दुसरी कंपनी ठरावीक व्होल्टेजला परवानगी देते, ती लेखी असेल तरच. चांगल्या बॅटरीवरही वारंवार केल्यास धन प्लेटीची जाळी गंजते, म्हणून सेलमध्ये फरक दिसू लागला तरच करणे शहाणपणाचे. बंदीचा काळ संपताना, बोट पाण्यात ढकलण्याआधी, प्रत्येक सेल मोजणे हा त्यासाठी सोयीचा मुहूर्त.

जुनाट, दगडासारखे झालेले सल्फेट यानेही निघत नाही आणि गळून तळाशी साचलेला प्लेटीचा माल परत चढत नाही. तासन् तास चार्ज देऊनही एका सेलची ग्रॅव्हिटी इतरांपेक्षा ०.०५० ने खालीच राहिली, तर तो सेल गेला असे समजावे. अशा बॅटरीवर आणखी वीज घालवण्यात अर्थ नाही, आणि तिच्या भरवशावर समुद्रात जाऊ तर अजिबात नये. ती खाडीत न टाकता विक्रेत्याला परत द्यावी; शिशाची किंमत नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून मिळते.