कुंडलचं बंड कागदावर

१९४३ ते ४६ या काळात सातारा भागात इंग्रजांना समांतर चाललेल्या प्रतिसरकारची कहाणी गावोगाव पोचली ती पुस्तकातून नव्हे, डफावरून. शाहीर शंकरराव निकमांचा पोवाडा ऐकायला माणसं रात्र जागवत. गंमत म्हणजे कुंडलपासून हाकेच्या अंतरावर, किर्लोस्करवाडीत, छापखाना धडधडत होता; 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' तिथूनच महाराष्ट्रभर जात. पण भूमिगतांनी काही लिहून ठेवायचं म्हणजे पोलिसांच्या हाती आयती यादी द्यायची. म्हणून प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचा, तुफान सेनेचा, इतिहास डोक्यातच राहिला.

स्वातंत्र्यानंतर मात्र आड आलं ते राजकारण. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना पुढे कम्युनिस्ट झाले, १९५७ला साताऱ्यातून आणि १९६७ला बीडमधून लोकसभेवर गेले. ज्यांच्या हाती राज्य, त्यांच्याच आठवणींना वाचक, असं काहीसं झालं. यशवंतराव चव्हाणही याच साताऱ्याचे भूमिगत, पण ते काँग्रेसमध्येच राहिले. त्यांचं 'कृष्णाकाठ' १९८४ला आलं आणि घराघरांत वाचलं गेलं. बापूंचं आत्मचरित्र मात्र जिल्ह्याबाहेर फारसं गेलं नाही. नदी एकच, काठ दोन.

दरम्यान लोकांच्या तोंडी 'प्रति' सरकारचं 'पत्री' सरकार झालं. तळपायाला पत्री ठोकल्याच्या गोष्टी चवीनं सांगितल्या गेल्या, आणि न्यायदान मंडळं, दारूबंदी, साधी लग्नं मागे पडली. बापूंच्या पिढीला हे नाव खुपायचं. मला विचाराल तर नावातल्या या एका अक्षरानं जेवढं नुकसान केलं, तेवढं सरकारी अनास्थेनंही केलं नसेल.

अभ्यास झाला तो बराचसा इंग्रजीत. अभ्यासक गेल ऑम्वेट कासेगावात सासरी, पाटणकरांच्या घरात राहत. सासूबाई इंदुताई स्वतः चळवळीतल्या. तरी गेल यांचा प्रतिसरकारवरचा लेख १९८८च्या एका इंग्रजी संग्रहात आला. आ. भा. शिंदे यांचा ग्रंथही, १९९०चा, इंग्रजीच. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई आणि तुफान सेनेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ दूरच्या वाचकांना भेटले ते पी. साईनाथांच्या २०२२च्या पुस्तकात. हौसाबाई तोवर गेल्या होत्या, आणि भाऊही त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले.

७ जून १९४३ला शेणोलीजवळ ज्या तुकडीनं इंग्रज सरकारच्या पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली, त्या तुकडीत भाऊ पुढे होते. पोलिसांच्या लेखी तो दरोडा. भाऊंना मात्र 'लुटली' हा शब्द शेवटपर्यंत चालत नसे; इंग्रजांनी लोकांचा नेलेला पैसा परत आणला, असं ते समोरच्याला दुरुस्त करून सांगत.