चिली : घेवड्यासह की घेवड्यावाचून?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ‘चिली’ नावाचे एक कालवण सर्वतोमुखी आहे. मिरची, जिरे आणि मांस ही त्याची मुख्य अंगे होत. त्यात घेवड्याचे वाळलेले दाणे, म्हणजे ज्यास आपण राजमा म्हणतो ते, घालावे की न घालावे, ह्याविषयी तेथील लोकांत पिढ्यान् पिढ्या वाद चालत आला आहे. वरकरणी हा केवळ स्वयंपाकघरातील वाद वाटेल. परंतु मिरची आणि घेवडा ही दोन्ही पिके आपल्याही शेतांत होतात, आणि कोणता माल कोणत्या नावाने विकावा हा प्रश्न प्रत्येक उत्पादकाच्या जिव्हाळ्याचा आहे. सबब त्याचा थोडा विचार येथे करू. गोमांस आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वर्ज्य आहे, हे आम्ही जाणतो. प्रस्तुत विवेचन कडधान्य व व्यवहार ह्यांपुरतेच आहे.

टेक्सास हा गुरांचा मुलूख. तेथे मांस मुबलक, म्हणून वाळलेल्या मिरच्या भिजवून वाटावयाच्या आणि त्या वाटणात मांस मंदाग्नीवर शिजवावयाचे, अशी रीत पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओ शहराच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया रात्री चुली मांडून हे कालवण विकीत. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे दुकान लागले आणि देशभर त्याची ओळख झाली. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट नामक गृहस्थाने त्याच्या मसाल्याची तयार भुकटी बाजारात आणली. मग ज्या प्रांतांत मांस महाग व कडधान्य स्वस्त, तेथील गृहिणींनी त्यात घेवडा घातला, ह्यात नवल ते काय?

घेवड्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ‘चिली कॉन कार्ने’ ह्या मूळ स्पॅनिश नावाचा अर्थच ‘मांसासह मिरची’ असा आहे. नावात दाणे नाहीत, तर भांड्यात का असावेत? दाणे मसाला शोषून घेतात, रस्सा पिठूळ होतो आणि मांसाची उणीव झाकली जाते, हा त्यांचा दुसरा आक्षेप. १९६७ साली टेक्सासमधील टर्लिंग्वा ह्या ओसाड गावी ह्याच वादावरून सामना झाला. टेक्सासचे विक फाउलर बिनघेवड्याचे आणि न्यूयॉर्कचे लेखक एच. ॲलन स्मिथ घेवड्याचे कालवण घेऊन उतरले. निकाल बरोबरीचा लागला. पुढे तेथील वार्षिक स्पर्धेच्या नियमांत घेवडा, भात, मॅकरोनी इत्यादी ‘भर’ घालण्यास बंदी झाली. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीस राज्याचे खाद्य म्हणून मान्यता दिली.

ह्या आक्षेपांत तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. नावात जिऱ्याचाही उल्लेख नाही. तरी त्यावाचून हे कालवण कोणी करीत नाही. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे टेक्सासचेच. त्यांच्या घरच्या प्रसिद्ध कृतीत घेवडा नाही, पण टोमॅटो आहे. तात्पर्य, नावावरून पाककृतीचा निवाडा होत नाही. शिवाय घेवड्यास ‘भर’ म्हणणे हा त्या पिकावर अन्याय आहे. वाळलेल्या दाण्यात शेकडा सुमारे २१ भाग प्रथिने असतात. ज्या घरी मांस थोडे आणि खाणारी तोंडे फार, तेथे घेवडा ही लबाडी नसून पोषण आहे.

लबाडी होते ती विक्रीत. मांसाचे दाम घेऊन दाणे विकणे हा खरा दोष होय, आणि अमेरिकन सरकारच्या शेतीखात्याने नेमका तोच ओळखला आहे. त्याच्या नियमाप्रमाणे ‘चिली कॉन कार्ने’ ह्या नावाने विकावयाच्या मालात कच्च्या मांसाचे प्रमाण शेकडा ४० भागांहून कमी असता कामा नये. ‘घेवड्यासह’ असे नावातच लिहिले असेल तर शेकडा २५ भाग पुरतात. दोहोंपैकी एकासही मनाई नाही; अट इतकीच की, भांड्यात जे आहे ते नावात असावे.

ज्यांस घेवडा घालावयाचा आहे त्यांनी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. कच्च्या राजम्यात, विशेषतः तांबड्या जातीत, पोटास अपायकारक असे एक द्रव्य असते. चारपाच कच्चे दाणेही उलट्या करविण्यास पुरेसे होतात. मंद आचेवर ते नष्ट होत नाही. म्हणून दाणे निदान पाच तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे, आणि नव्या पाण्यात अर्धा तास चांगले खळखळून उकळून मग मऊ होईतो शिजवावेत. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात कच्चे दाणे घातल्यास ते लवकर शिजत नाहीत. सबब घेवडा निराळा शिजवून शेवटी कालवणात मिसळावा, हे उत्तम. असे केल्याने रस्सा पिठूळ होतो हा आक्षेपही बराचसा उरत नाही.

आमचे मत विचाराल तर ते असे : स्पर्धेत स्पर्धेचा नियम पाळावा, घरी घरच्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे करावे, आणि बाजारात नाव खरे सांगावे. मिरची व घेवडा ही दोन्ही मूळची अमेरिकेची पिके. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यास आणली, आणि आज ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडचा वाघ्या घेवडा तर भौगोलिक मानांकनाने स्वतःच्या नावावर ओळखला जातो. ज्या मालास स्वतःचे नाव मिळाले, त्यास दुसऱ्याच्या नावाआड लपण्याचे कारण उरत नाही. घेवडा पिकविणाऱ्याने आपला माल ‘भर’ म्हणून स्वस्तात न देता, निवडून, सारख्या दाण्याचा करून, घेवडा म्हणूनच विकावा. टेक्सासच्या वादातून आपण घ्यावयाचा धडा तो हाच.