घर नव्याने करताना : लेखांक ५ – ओल्या भिंतीला तिचा वेळ द्या

स्वयंपाकघरातले जुने नळ आणि वायरिंग बदलून भिंतीतल्या झिऱ्यांमध्ये कसे बसवायचे, ते गेल्या आठवड्यात पाहिले. झिऱ्या बुजल्या, गिलावा झाला, की घरातल्या सगळ्यांना ट्रॉल्यांचे वेध लागतात. कंत्राटदाराच्या वेळापत्रकात ‘गिलावा : ४ दिवस’ एवढेच असते आणि पाचव्या दिवशी सुतार दारात उभा राहतो. माझे म्हणणे असे की, गिलावा वाळण्याला वेळापत्रकात स्वतःची ओळ हवी आणि पुढच्या सगळ्या तारखा तिच्यावरून ठरायला हव्यात.

सिमेंटला ताकद येते ती पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून. म्हणून तर गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. ५० किलोच्या गोणीला या क्रियेसाठी साधारण १२ लिटर पाणी पुरते, पण माल थापण्याइतका मऊ व्हायला त्याच्या दुप्पट किंवा अधिक पाणी घालावे लागते. हे जादा पाणी आणि वर आठवडाभर मारलेले पाणी भिंतीतून हवेतच निघून जायचे असते. म्हणजे वाळण्याची मोजणी खरी आठव्या दिवशी सुरू होते. हवा खेळती असेल, तर दिवसाला १ मिलिमीटर जाडी वाळते असा ढोबळ हिशेब धरतात. १५ मिलिमीटरच्या गिलाव्याला त्यामुळे एकूण तीन आठवडे लागतात. जुन्या इमारतीत भिंत ओळंब्यात आणायला थर जाड चढतो, पाइपांच्या झिऱ्या त्याहून खोल असतात; तिथे महिनाही कमी पडतो. घर गणपतीपूर्वी नवे करायचे म्हटले, की गिलावा नेमका भर पावसात येतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा सगळा हिशेब आणखी लांबतो.

दिवाणखान्याची भिंत उघडी असते, ती उशिरा का होईना वाळते. स्वयंपाकघरात मात्र निम्मी भिंत कपाटांमागे बंद होते. ओल्या भिंतीवर बसवलेल्या कपाटाची मागची फळी वर्षभराने काढून पाहावी : बुरशीचे काळे ठिपके, कडेला सुटलेले प्लायचे थर, गंजलेले स्क्रू. उघड्या भागात पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येते, पुट्टीखाली पांढरी भुकटी साचते आणि रंगाचे पोपडे निघतात.

‘हाताला तर भिंत कोरडी लागते’, हा नेहमीचा आक्षेप. पण हाताला कळतो तो फक्त वरचा पापुद्रा. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. हॅलोजन लावून वाळवण्याच्या भानगडीत पडू नये, वरचा थर आधी आकसून तडे जातात. पाणी मारण्याचे दिवस संपल्यावर उघड्या खिडक्या आणि पंखा पुरतो. जिप्समचा गिलावा लवकर वाळतो हे खरे, त्याला पाणी मारावे लागत नाही. पण सतत ओल लागणारी सिंकमागची भिंत त्याला मानवत नाही. मरीन प्लाय पाण्याला दाद देत नाही, मात्र त्याच्या मागची भिंत आणि बिजागऱ्या तशा नसतात.

सर्वांत रास्त आक्षेप असा, की महिनाभर स्वयंपाकघराविना राहायचे कसे? याचे उत्तर कामांच्या क्रमात आहे. ट्रॉल्यांची अचूक मापे गिलावा झाल्यावरच घेता येतात आणि पुढे त्या कारखान्यात तयार व्हायला बहुधा काही आठवडे जातात. मापे गिलाव्यानंतर लगेच दिली, तर भिंत वाळणे आणि ट्रॉल्या तयार होणे एकाच वेळी चालते. वाया जाणारे दिवस त्यामुळे थोडेच उरतात. तेव्हा कंत्राटदाराकडून दोन तारखा लिहून घ्याव्यात : पाणी मारणे कधी संपेल आणि भिंतीत पहिला स्क्रू कधी जाईल. या दोहोंत निदान दोन आठवडे नसतील, तर वेळापत्रक परत करावे. पुढच्या लेखात टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांचा विचार करू.